वन्संच्या चुका

"परत?" वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "परत चुकलात?"

बोटांना लागलेला हिरवा रंग कपाळावर उमटला, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. समोर बसलेल्या वन्संनी पेनाला टोपण लावलं आणि नुकतंच लिहिलेलं कार्ड मुकाट्यानं बाजूला सरकवलं.

"चुकलं गं," त्या म्हणाल्या. "‘लॉस’ लिहायचं होतं, ‘लूज’ लिहून बसले. तेही दोन ‘ओ’ घालून."

"म्हणजे ढिलं!"

"म्हणजे ढिलं."

"वा! कुणाचा तरी बाप गेलाय आणि आपण त्याला रंगीत कार्डावर लिहून पाठवायचं, तुमच्या ढिलेपणाबद्दल आम्हाला फार वाईट वाटतं! अहो वन्सं, हेच शिकवण्यात हयात गेली ना तुमची?"

"गेली खरी."

"मग?"

वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घराची भिंत होती आणि भिंतीवर एक कावळा होता. तरी त्या बघत राहिल्या. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस भांडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. जो नुसता "चुकलं गं" म्हणून कावळा बघत बसतो, त्याचं काय करायचं?

घरात माणसं दोनच. वहिनी आणि त्यांची नणंद. वहिनींचे यजमान गेले, आणि त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेली त्यांची बहीण एक ट्रंक आणि एक जाडजूड शब्दकोश घेऊन भावजयीच्या सोबतीला आली. चार दिवस राहून जाईन म्हणाली होती. ते चार दिवस अजून संपले नव्हते. वहिनी तिला वन्सं म्हणत, आणि म्हणून अख्खी गल्लीही तिला वन्संच म्हणे, अगदी गॅसची टाकी आणून देणारासुद्धा.

दोघी मिळून शुभेच्छापत्रं करत. वाढदिवसाची, आभाराची, बाळ झाल्याची, कुणी गेल्याची. वहिनी जाड कागद कापायच्या, लाकडी पट्टीनं दाबून घडी पक्की करायच्या, मग रंगवायच्या. रंग मुरंब्याच्या जुन्या बाटल्यांत असत आणि एकाही बाटलीवर चिठ्ठी नसे. सगळे रंग वहिनींनी स्वतः कालवलेले, नावंही त्यांनीच ठेवलेली. सायीचा, लिंबाचा, भिजल्या विटेचा, शाळेच्या दप्तराचा. दुसरं कुणी त्या बाटल्यांना हात लावला की वहिनींचं डोकं फिरायचं. रंगवलेली कार्डं दोरीला चिमट्यांनी टांगून वाळली की वन्सं त्यांच्यावर इंग्रजीतून मजकूर लिहीत, वळणदार अक्षरात, काळ्या शाईनं. ही शाई त्या कागदावरून काही केल्या निघत नसे. एक अक्षर चुकलं की कार्ड गेलं, आणि वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून कागद कापायला घ्यायचा.

पण हा प्रसंग इतक्या वर्षांत कधी आलाच नव्हता. वन्सं आणि चूक? छे! लोकांच्या चुका काढणं हाच त्यांचा विरंगुळा. गल्लीच्या तोंडाशी केस कापणारा आहे, त्याच्या पाटीवरचं इंग्रजी त्यांनी उभ्या उभ्या दुरुस्त करून घेतलं होतं, बिचारा अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडून शिडीवर चढला होता. पाण्याच्या बिलासोबत आलेल्या सूचनेत लाल खुणा करून त्यांनी ती कचेरीत परत पाठवली होती. आल्यानंतर बरीच वर्षं त्या घरात शिकवण्या घेत, ह्याच टेबलावर, आणि वहिनी आत स्वयंपाक करता करता सगळं ऐकत. शेजारच्या मुलांना आलं नाही इतकं वहिनींना आलं. कागद-पाकिटांची स्टेशनरी वेगळी आणि जागच्या जागी ठप्प झालेली स्टेशनरी वेगळी. वाळवंटाचं ‘डेझर्ट’ कुठलं आणि जेवणानंतरच्या गोडाचं ‘डेझर्ट’ कुठलं. आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा व्हायचा तो ‘युवर’वरून. "गाढवा, ‘युवर’ म्हणजे तुझं! ‘यू आर’ म्हणजे तू आहेस! ‘तू आहेस पुस्तक कुठे आहे’, असं लिहिलंयस तू! आहेस का तू पुस्तक?" हे इतक्या वेळा झालं होतं की वहिनींना ते झोपेतही म्हणता आलं असतं.

आणि अशी ही बाई आता चुकत होती. आधी आभाराच्या कार्डावर ‘क्वाएट’, म्हणजे शांत, लिहायचं तिथं ‘क्वाइट’, म्हणजे बऱ्यापैकी, लिहिलं. मग ‘ॲडव्हाइस’ लिहिताना सल्ला आणि सल्ला देणे यांत गल्लत केली. मग हवामानाच्या ‘वेदर’च्या जागी ‘की नाही’वालं ‘व्हेदर’. जे जे म्हणून मुलांना ओरडून ओरडून शिकवलं, ते ते नेमकं स्वतः चुकायचं, असा जणू विडाच उचलला होता. आणि दर वेळी स्वतःच सांगायच्या, "चुकलं गं." ना खंत ना खेद.

"हे बघा," वहिनी म्हणाल्या, "पाकीटवाला काय म्हणालाय ते लक्षात आहे ना?"

"आहे."

"काय म्हणाला?"

"शनिवारी माल हवा."

"नाहीतर?"

"नाहीतर फळी छापील कार्डांना देणार."

पाकीटवाला म्हणजे चौकातला वह्या-पाकिटांचा दुकानदार. त्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी, आत शिरल्या शिरल्या नजरेला पडेल अशी एक फळी होती, आणि ती वहिनींची होती. तिथे दुसऱ्या कुणाचंही कार्ड लागत नसे. त्या फळीपायी वहिनी किती वेळा उगाच दोरा नाहीतर खोडरबर आणायला दुकानात गेल्या असतील, याला गणती नाही. यजमान गेल्यावर लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. फळी मिळाली आणि त्या पुन्हा मोठ्या आवाजात बोलण्यासारख्या झाल्या. कार्डवाल्या वहिनी. ती फळी गेली की त्या पुन्हा कोण? आणि छापील कार्डांचा माणूस म्हणे दुकानात रोज येऊन बसत होता, हसतमुख, टाय लावून.

"मग आता हे कार्ड मी परत करणार," वहिनी दातओठ खात म्हणाल्या, "आणि तुम्ही ते परत घालवणार. असंच ना?"

"नाही घालवणार. बस तू. उठू नकोस, बाटली मी देते."

हा आणखी एक ताप. हल्ली बाटल्याही वन्संच काढून द्यायला लागल्या होत्या! वहिनींचा हात फळकुटाकडे जायच्या आत ह्यांचा हात पोचलेला. ‘ही घे, हीच जवळ होती.’ मध्यंतरी तर कहर केला. सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या, इंग्रजीतून, वळणदार अक्षरात. वहिनींनी बाटल्या गरम पाण्यात घालून एकूण एक चिठ्ठी खरवडून काढली आणि दिवसभर बोलल्या नाहीत. माझ्या बाटल्या मला ओळखतात म्हणावं.

पण त्या दिवशी कागद कापता कापता वहिनींच्या मनात एक विचार आला आणि त्यांची कात्री थांबली. मागच्या आळीतल्या शिंपिणीची सासू. तिचंही असंच शब्दांपासून सुरू झालं होतं. आधी चमच्याला कंगवा म्हणायची आणि घरचे हसायचे. मग एक दिवस मुलालाच म्हणाली, आपण कोण? तेव्हा कुणी हसलं नाही.

वहिनींनी समोर पाहिलं. वन्सं चष्मा पुसत बसल्या होत्या.

"वन्सं, आज वार कोणता?"

"मंगळवार. का?"

"सहज. सकाळी काय खाल्लंत?"

"तू दिलेला भात. खालून लागलेला."

"तो लागला नव्हता!"

"बरं, नव्हता."

आठवण तर शाबूत दिसत होती, जिभेची धारही. पण शिंपिणीची सासू काही वहिनींच्या डोक्यातून जाईना. चिडणं सोपं असतं, त्याला ताकद लागत नाही. आता त्यांना नुसती भीती वाटायला लागली. ही बाई आपल्याला विसरली, तर आपल्याला ‘वहिनी’ म्हणणारं घरात उरणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा धरून त्यांनी कण्हायला सुरुवात केली. डॉक्टरांकडे जायचंय, एकटीनं चालवत नाही, सोबत चला. वन्सं लगेच उठल्या. वहिनींनी पिशवीत चुकलेली सगळी कार्डं भरून घेतली. रद्दीत घालायला त्यांचा जीव झाला नव्हता, ती कपाटाच्या वर पडून होती. पुरावा हवाच होता. नाहीतर वन्संनी डॉक्टरांनाच शिकवून बाहेर काढलं असतं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकं, आत टेबल, मध्ये पडदा. वहिनी आधी एकट्याच आत गेल्या, कुजबुजत सगळं सांगितलं, आणि मग वन्संना हाक मारली.

"गुडघा कुठाय?" वन्संनी विचारलं.

"गुडघा बरा आहे. तुम्ही बसा."

डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. त्यांनी गप्पा मारत मारत उलटे आकडे म्हणून घेतले, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. वन्संनी आकडे धडाधडा म्हटले, शब्द मागितले नव्हते त्या क्रमानंही परत सांगितले, घड्याळ काढलं आणि त्याला सेकंदकाटाही काढला. मग म्हणाल्या, "आता मी एक सांगू का? बाहेर तुमची पाटी आहे. ‘पेशन्ट्स’नी इथे थांबावं, असं तुम्हाला म्हणायचंय. तुम्ही ‘पेशन्स’ लिहिलंय. म्हणजे धीर. धीरानं बाहेर बसावं आणि माणसांनी आत यावं, असं झालंय ते."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "ह्यांना काहीही झालेलं नाही," त्या वहिनींना म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यापेक्षा ह्यांचं डोकं ताळ्यावर आहे."

"मग हे काय?" वहिनींनी पिशवी टेबलावर उपडी केली. "बघा ना! हे बघा, हे बघा! एकेक करून सगळी नासवलीत! डोकं ताळ्यावर आहे तर मुद्दाम करतायत की काय माझ्या जिवाला?"

"वहिनी, चल, निघू," वन्सं एकदम उठल्या. "उगाच बाकीचे खोळंबलेत."

"बसा म्हणते ना!"

डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड उचललं. वाचलं. मग वाचायचं थांबवून नुसतंच बघत राहिल्या.

"हे कुणी गेल्याचं कार्ड आहे ना?"

"हो."

"मग याची किनार इतकी पिवळी का हो? लिंबासारखी?"

"पिवळी कुठली?" वहिनी म्हणाल्या. "सायीचा रंग आहे तो. दुःखाच्या कार्डाला मी दुसरा रंगच लावत नाही."

डॉक्टरीणबाईंनी वन्संकडे पाहिलं. वन्सं भिंतीवरचा दातांचा तक्ता मन लावून वाचत होत्या. डॉक्टरीणबाईंनी दुसरं कार्ड पुढे केलं.

"आणि ही फुलं?"

"जांभळी."

"ही?"

"तीही जांभळीच. एकाच बाटलीतली."

"ही तपकिरी आहेत," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. खणातून बॅटरी काढून त्या उठल्या आणि वहिनींची हनुवटी वर केली. "समोर बघा. प्रकाश पडल्यावर झगमगतं का? हं. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. उजव्या डोळ्यात चांगलाच पिकलाय. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं, आणि हळूहळू होतं, म्हणून आपलं आपल्याला कळत नाही. घाबरू नका, ऑपरेशन सोपं असतं."

पुढचं वहिनींना ऐकू गेलं नाही. त्या टेबलावर पसरलेली कार्डं बघत होत्या. त्यांना ती सगळी चांगली दिसत होती, नेहमीसारखी. आणि डॉक्टरीणबाई एकेक उचलून बाजूला ठेवत होत्या, आभाळ असं शाईसारखं निळं, बाळाच्या कार्डाला मातकट रंग. एकही कार्ड असं नव्हतं, की ज्याचे नुसते शब्द चुकले होते. रंग चुकला होता तिथेच वन्संचं इंग्रजी चुकलं होतं.

रस्त्यावर आल्यावर दोघी घराकडे वळल्या. मग सायकलच्या दुकानासमोर वहिनी थांबल्या आणि त्यांचा बांध फुटला.

"तोंडाला काय कुलूप लावलं होतंत? अं? जगाच्या चुका काढता, केस कापणाऱ्याला शिडीवर चढवता, आत्ता त्या डॉक्टरणीच्या पाटीची चूक काढलीत, आणि माझं सांगायला जीभ रेटेना? मी आपली वेड्यासारखी रंगवतेय, आणि तुम्ही आपल्या ‘चुकलं गं, चुकलं गं’! मी तुम्हाला काय काय बोलले! कमअक्कल म्हणाले. काल तर हात चालत नसेल तर पेन खाली ठेवा म्हणाले!"

"ते जरा लागलं," वन्संनी कबूल केलं.

"मग तेव्हा तरी बोलायचंत!"

सायकलवाला हातातला पाना तसाच धरून ऐकत होता. वन्संनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चाकात तोंड घालून बसला.

"पाकीटवाल्यानं मला एक कार्ड दाखवलं," वन्सं म्हणाल्या. "एक बाई परत करून गेली होती. तिच्या मैत्रिणीचा नवरा गेलेला. म्हणाली, हे काय वाढदिवसाचं दिलंत? पिवळंधमक होतं गं ते. मी त्याला सांगितलं, घोटाळा माझाच, मी मजकूर भलत्याच कार्डावर लिहिला. घरी येऊन तुला सांगणारच होते. तू दारातच होतीस. म्हणालीस, फळीवर कशी दिसतायत माझी?"

"मग?"

"मग काय. छान दिसतायत म्हटलं." वन्संनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. "भाऊ गेला तेव्हा मी आले, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी ताट आणायचे, तू ताट तसंच परत द्यायचीस. मला वाटलं, आता हीही जाते. आणि एक दिवस मी बाजारातून आले, तर तू टेबलाशी बसून वाटीत निळा कालवत होतीस. त्या दिवशी तू भूक लागली म्हणालीस. आता मीच येऊन तुला सांगू, की बाई गं, तुझे रंग गेले? माझ्यानं नसतं झालं. माझे शब्द चुकले तर काय बिघडतंय? मला आता कोण शाळेतून काढणार आहे?"

वहिनींना रडू आलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. भर रस्त्यात, सायकलवाल्यासमोर.

"शहाण्या आहात!" त्या नाक ओढत म्हणाल्या. "आजपासून हे बंद. जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. वाईट वाटो, राग येवो, आकाश कोसळो. लपवाछपवी नाही. कबूल?"

"कबूल. तूसुद्धा?"

"मी आयुष्यात कधी काही पोटात ठेवलंय?"

"तेही खरं. मग एक सांगू?"

"सांगा."

"सकाळपासून तुझ्या नाकाला निळा रंग लागलाय."

"डॉक्टरणीसमोर?"

"हो."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय!"

"नियम आत्ता झाला," वन्सं म्हणाल्या.

शनिवारचा माल गेला. कसा गेला ते त्या दोघींनाच ठाऊक. आता चोरून काही नव्हतं. वहिनी म्हणायच्या, सायीचा द्या, आणि वन्सं बाटली पुढे करायच्या. वहिनी कालवायच्या आणि विचारायच्या, कसाय? वन्सं म्हणायच्या, गढूळ. अजून? अजून गढूळ. आता? आता बरा. इतका अपमान वहिनींच्या रंगांनी जन्मात सोसला नव्हता. दोनदा ब्रश आपटून त्या आत निघून गेल्या आणि दोनदा परत आल्या. पण एकही शब्द चुकला नाही, आणि पाकीटवाल्यानं कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि फळीवर लावली. टायवाला त्या दिवशीही बसलेला होता. वहिनींनी त्याला बघून मान डोलावली, फार गोड.

मग ऑपरेशन झालं, आधी उजव्या डोळ्याचं, मग सवडीनं डाव्या. पहिली पट्टी निघाली आणि वहिनी घरभर फिरल्या. चादर बघितली, भिंत बघितली, वाटीतलं दूध बघितलं. सगळं कुणी निळीत बुडवून काढल्यासारखं पांढरं. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं, आणि लहान मुलीसारखं पुन्हा पुन्हा तेच केलं.

"वन्सं, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"ते बरेच दिवस आहेत."

"आणि हा हात? हा असा कापतो का?"

"वय झालं," वन्सं म्हणाल्या आणि हात मांडीखाली घेतला. "जुनी कार्डं बघतेस?"

वहिनींनी कपाटावरून पिशवी काढली. पहिलं कार्ड हातात घेतलं आणि उजेडात धरलं. मग हसू फुटलं. इतकं, की खुर्चीला धरून खाली बसावं लागलं. "हे मी केलं? हे आभाळ? अहो, ह्यात माणूस बुडून मरेल! खरं सांगा, तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा?"

"बरं होतं."

"वन्सं! नियम!"

"भयंकर होतं," वन्सं म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या.

डावा डोळाही बरा झाल्यावर वहिनींनी पहिलं कार्ड केलं ते नव्या घरात राहायला जाणाऱ्या एका जोडप्यासाठी. भिजल्या विटेची भिंत, सायीचं दार, खिडकीत थोडासा लिंबाचा उजेड. बाटल्या स्वतः काढल्या, कुणाला काही विचारलं नाही. इतकं चांगलं कार्ड त्यांच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला दिसत होतं, याचाच त्यांना जास्त आनंद झाला. कार्ड वाळलं. वन्संनी टेबलाशी बसून पेन उचललं, जीभ ओठांत धरून सावकाश मजकूर लिहिला, शाईवर फुंकर मारली, आणि कार्ड भावजयीपुढे धरलं.

"झालं. बघ कसं छान बसलंय."

वहिनींनी वाचलं. तुमच्या नव्या घरासाठी शुभेच्छा, असं लिहायचं होतं. ‘युवर’च्या जागी ‘यू आर’ होतं.

त्या गालातल्या गालात हसल्या. काय बाई चूक काढलीय आता रंगात, असं म्हणून त्यांनी कार्ड उजेडात धरलं. रंगात काही नव्हतं. मग त्या वन्संच्या ‘चुकलं गं’ची वाट बघत थांबल्या. वन्संनी ते म्हटलं नाही. त्या कार्डाकडेच बघत होत्या, चष्मा नीट करून, अगदी समाधानानं. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला, ओठ हलले, आणि त्या परत हसल्या. ती चूक त्यांना दिसतच नव्हती.

वहिनींना पुन्हा शिंपिणीची सासू आठवली. ‘आहेस का तू पुस्तक?’ म्हणून ह्याच टेबलावर घर डोक्यावर घेणारी बाई. त्यांनी तोंड उघडलं. नियम त्यांनीच केला होता, भर रस्त्यात, आकाश कोसळलं तरी म्हणून. कोण कुणाला सांगणार आणि कोणत्या तोंडानं सांगणार?

"छान आहे ना?" वन्संनी विचारलं.

"फार छान," वहिनी म्हणाल्या, कार्ड टेबलावर ठेवलं आणि कोपरानं निळ्याची बाटली आडवी केली.

भिंत, दार, खिडकी, अक्षरं, सगळं निळं झालं.

"अगं बाई!" वहिनी ओरडल्या. "सांडलं मेलं! माझा धांदरटपणा जायचा नाही. आता मला परत रंगवावं लागणार आणि तुम्हाला परत लिहावं लागणार."

वन्सं त्या निळ्या थारोळ्याकडे बघत राहिल्या. मग बाटलीकडे. मग बराच वेळ वहिनींकडे.

"डोळे तर नवे झाले गं तुझे," त्या म्हणाल्या.

"डोळे नवे झाले. हात जुनेच आहेत," वहिनी फडक्यानं टेबल पुसत म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "आणि आता या वेळी मजकूर मी सांगते. तुम्ही नुसता लिहा. माझीही उजळणी होईल."

कार्ड पुन्हा रंगवून होईपर्यंत वन्सं शेजारी बसून राहिल्या, वाळेपर्यंतही बसून राहिल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर हात ठेवला. हात कापत होता. वहिनींनी तो आपल्या रंगाच्या हातानं जरा दाबून धरला आणि एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.

"वाय," त्या म्हणाल्या. "झालं? आता ओ."